यायला दोन तास जास्त

“जायला चौदा तास आणि यायला सोळा. तीच दोन गावं, तेच अंतर. मग वरचे दोन तास जातात कुठे, वहिनी?” नणंदेने रिकामा कप खाली ठेवला.

टेलरबाईंचं मशीन चालूच राहिलं. निम्मी गल्ली त्यांनी शिवलेल्या कपड्यांत वावरायची. कुणाचं पोट सुटलं, कुणाचे खांदे उतरले, हे त्यांना टेप न लावता कळे. पण परदेशात गेलेला एकुलता एक मुलगा खरं बोलतो की नाही, ते काही कळत नव्हतं.

“तो म्हणतो, येताना वारा समोरून असतो.”

“वारा लागायला ती काय सायकल आहे? तुझ्या सुनेचं माहेर विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. आधी तिकडे पाहुणचार, मग तुझी आठवण. घे समजून.”

काडी टाकून नणंद मोकळी झाली. टेलरबाईंचा मात्र जीव टांगणीला लागला. पोरगं आधी कुणाच्या दारात जातं, एवढंच तर त्यांचं उरलं होतं.

तो यायचा त्या दिवशी त्या घराला कुलूप लावून गुपचूप विमानतळावर गेल्या. विमान उशिरा येणार असल्याचं फलकावर दिसत होतं. झालं, मनात पाल चुकचुकली.

“हे विमान मध्ये कुठे थांबतं का हो?” त्यांनी शेजारी उभ्या टॅक्सीवाल्याला विचारलं.

“थांबणार कुठे, मावशी? खाली समुद्र. वारा असणार समोरून. जाताना पाठीवर घेतात, येताना छातीवर.”

म्हणजे वारा खरा होता. टेलरबाई ओशाळल्या, पण संशय एकदा घरात शिरला की लवकर उठत नाही. मुलगा बाहेर आला, आणि टॅक्सीकडे न वळता बॅग घेऊन थेट स्वच्छतागृहात शिरला. घ्या! आता नटूनथटून सासूकडे. त्या खांबाआड सरकल्या.

तो बाहेर आला तेव्हा अंगात निळा शर्ट होता. पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा त्यांनीच शिवलेला. पोटावरचं बटण काही लागेना. श्वास आत ओढून त्याने ते कसंबसं लावलं, वर कोट चढवला. कानांवरचे केस पांढरे झालेले. हे सगळं आपल्या डोळ्यांआड झालं, या विचाराने त्यांना गलबलून आलं. हाक मारावीशी वाटली, पण कुठल्या तोंडाने मारणार?

तो टॅक्सीने गेला, त्या बसने आल्या. मुलगा दाराशी बॅगेवर बसून होता.

“केव्हाचा बसलोय गं. होतीस कुठे?”

“दोरा संपला होता. वारा लागला का रे फार?”

“नेहमीसारखाच.” तो हसला. आईने आज पहिल्यांदाच वारा मान्य केला होता.

जेवून तो गाढ झोपला. टेलरबाईंनी खुर्चीवरचा शर्ट उचलला, उलटा केला आणि बाजूची शिवण उसवली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं. पोर पुढे अंगाने भरेल तेव्हा सोडता येईल म्हणून त्यांनीच राखलेलं. बाहेरचा रंग विटून गेला होता, आतला मात्र अजून नवा होता. त्यांनी सुईत दोरा ओवला.