बिबड्यांच्या पिशव्या

सोनगीरच्या आमच्या गल्लीत रत्नाइतकी हौशी बाई दुसरी नाही. माहेर जळगावचं, बोलणं शहरी, आणि कुठलीही गोष्ट काढा, तिच्याकडे त्यावर एक व्हिडिओ तयार. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमचे खानदेशी पापड, जुन्या धोतरात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, हे काही तिला बघवेना. "वर्षभर टिकवायच्या तर हवाबंद पिशव्याच पाहिजेत," असं म्हणत ती उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या घरांसाठी पिशव्या आणायला स्वतः धुळ्याला गेली.

दुकानदाराने दोन प्रकार पुढे टाकले. एक जाड, चंदेरी, आतलं काही न दिसणारा. दुसरा पातळ, काचेसारखा स्वच्छ, वर दाबून बंद करायची पट्टी. रत्नाने पातळ पिशवीत पाणी भरून ती उलटी धरली. थेंब गळला नाही. शिवाय आतल्या बिबड्या बाहेरून छान दिसणार, फोटोतही. तिने पातळ घेतल्या. गच्चीवर बिबड्या वाळल्या तशा त्या पिशव्यांत ठासून भरल्या आणि हवा काढायला तिने एकेका पिशवीवर चक्क गुडघा दाबला.

बिबड्या वाळल्या की नाही, हे आमच्याकडे यशोदाअक्का ठरवतात. एक बिबडी कानाजवळ धरून मोडायची, आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "उचला." त्याआधी वाळवणाच्या धोतराला कोणी हात लावत नाही. अक्कांचं वय झालंय, सून मेघा त्यांना धरून गच्चीवर आणते, पण तो मान अजून त्यांचाच; यंदाही "उचला" त्याच म्हणाल्या होत्या.

श्रावणात कानबाईच्या सणाला पाहुणे येणार म्हणून पिशव्या उघडल्या, तर कुबट वास आला. बिबड्यांवर हिरवट बुरशी. ओट्यावर सगळ्या जमलो. कोणी काही विचारायच्या आत रत्ना बोलून गेली, "अक्कांनी ओल्याच उचलायला लावल्या. आता त्यांना समजत नाही."

अक्का समोरच बसलेल्या होत्या. आम्ही बायकांनी माना डोलावल्या. रागाच्या भरात मान किती सहज हलते! अक्का भिंतीला धरत उठल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या ओट्यावर आल्याच नाहीत. मेघा सांगत होती, आता वरणात मीठ घालतानाही त्या तिला विचारतात.

पिशव्या टाकवेनात म्हणून रत्ना त्या धुवायला बसली. पाणी भरलं आणि पिशवीतून दोऱ्यासारख्या बारीक धारा लागल्या. दुसरी घेतली, तेच. उजेडात धरून पाहिलं तर जिथे जिथे बिबड्यांच्या कडा दाबल्या गेल्या होत्या, तिथे तिथे भोकं. वाळलेल्या बिबडीची कडा किती धारदार असते, हे खाताना हिरडीला कळतं. गुडघा दाबताना रत्नाला ते आठवलं नव्हतं. पावसाळी हवा तिथूनच आत गेली होती.

कचऱ्यात टाकून मोकळं व्हावं, असंच तिच्या मनात आधी आलं. तिनेच हे पुढे सांगितलं. पण दुपारी ती ताटावरून तशीच उठली. शेवटी एक पिशवी पदराखाली घेऊन ती अक्कांकडे गेली.

तिने तोंड उघडण्याआधीच अक्कांनी हात जोडले. "बेटी, मन्हामुये बठ्ठं नासी गयं. आते माले काही समजत नही."

रत्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आपल्यामुळेच नासलं, हे तिचं खोटं म्हाताऱ्या बाईने खरं मानलं होतं. "अक्का, बिबड्या कोरड्याच होत्या," ती रडत म्हणाली. "पिशव्या माझ्याच हाताने फाटल्या."

अक्कांनी तिच्याकडून पिशवी घेतली आणि भोकांवरून बोट फिरवलं. "मंग मन्हं काही चुकनं नही?"

"नाही अक्का."

अक्कांनी मेघाला हाक मारली. "इले बी सांग."

मेघाला सांगताना रत्नाने पिशव्या किती पातळ निघाल्या इथून सुरुवात केली. अक्कांनी तिला थांबवलं. "पहिले तू काय बोलनी ते सांग. मंग पिशव्यासनं."

रत्नाने सांगितलं. मग अक्का मेघाच्या खांद्याला धरून ओट्यावर आल्या. आम्ही तिथे तांदूळ निवडत बसलो होतो. रत्ना मागे उभी राहिली आणि या वेळी आडवळण न घेता म्हणाली, "मी अक्कांना सगळ्यांसमोर म्हटलं, त्यांना समजत नाही. ते खोटं होतं. बिबड्या कोरड्या होत्या. पिशव्या मी चुकीच्या आणल्या आणि मीच त्यांना भोकं पाडली."

"जाऊ द्या ना अक्का, झालं गेलं," आमच्यातली एक पटकन म्हणाली.

अक्कांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "तिनी त सांगी टाकं," त्या म्हणाल्या. "आते तुम्ही बोला."

त्या दिवशी सहज डोलावलेली मान आता आमच्यातल्या एकीलाही तांदळाच्या ताटातून वर उचलवेना.