रंगाच्या दुकानातला चोरपकड्या

मित्रांनो, मी एक जुना चोरपकड्या आहे. हे नाव मला दुकानातल्या नोकरांनी ठेवलं, तेही माझ्या पाठीमागे. तोंडावर सगळे मला 'सिस्टीम' म्हणायचे. मला हातपाय नाहीत, भूक नाही, झोप नाही. रंगाच्या दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. आता दुकानाला कुलूप लागलंय आणि मी काउंटरखाली धूळ खात पडलोय. पण माझी कर्तबगारी ऐकाच. माझ्याइतका हुशार या रस्त्यावर दुसरा कुणी नव्हता!

मला एका कंपनीत घडवलं. लाखो बिलं मला खाऊ घातली, खरी आणि खोटी. त्यातून मला चोराची खोड ओळखता येऊ लागली. छोट्या दुकानदाराला हिशेब तपासायला वेगळा माणूस परवडत नाही, म्हणून मला वर्षाच्या स्वस्त वर्गणीवर विकायला काढलं. टाय लावलेला विक्रेता मालकांना म्हणाला, "साहेब, हा पगार मागत नाही आणि कुणाचं तोंड बघून निवाडाही करत नाही." मालक इतके खूश झाले की त्याला दोनदा चहा पाजला.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक व्यवहार बघायचा आणि संशय आला की पडद्यावर लाल खूण करायची. मग मालक दोन बटणांपैकी एक दाबायचे, 'बरोबर' किंवा 'चूक'. त्यावरून मी शिकत जायचो. काउंटरवरचा कॅमेराही मलाच जोडलेला होता. त्यामुळे मला सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

दुसऱ्याच आठवड्यात मी चोर पकडला. ते होते मालकांचे मेव्हणे, मालकीणबाईंचे धाकटे भाऊ. गोदाम सांभाळायचे आणि अधूनमधून काउंटरवर बसायचे. गिऱ्हाईक रोख पैसे देऊन डबा घेऊन गेलं की हे गुपचूप बिल रद्द करायचे आणि नोटा खिशात घालायचे. मी लगेच लाल खूण केली. मालकांनी ते घरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दुकानातच येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या भावाला चोर म्हणतंय हे डबडं?"

"अगं, मी कुठे म्हणतोय? मशीन म्हणतंय."

"मग मशीनला गप्प करा. नाहीतर मी चालले माहेरी. बसा मशीनच्या हातचं खात!"

मालकांनी मुकाट 'चूक' दाबलं. मी एक्केचाळीस वेळा सांगितलं आणि त्यांनी एक्केचाळीस वेळा 'चूक' दाबलं. मित्रांनो, मी शहाणं बाळ आहे, शिकवाल ते शिकतो. मेव्हणे सज्जन आहेत, हे मी पाठ करून टाकलं.

बिलं करायला मावशी बसायच्या. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण तेवीस वर्षं सगळे त्यांना तेच म्हणत आले होते. घरी थकलेली सासू आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, तिघींचं सगळं याच पगारावर. बिल रद्द करायला प्रत्येकाचा वेगळा नंबर लागायचा. तो फक्त मालक, मेव्हणे आणि मावशी यांच्याकडे होता.

दीड वाजला की मावशी मागच्या खोलीत डबा खायला जायच्या. एक दिवस मेव्हणे लाडीगोडीने म्हणाले, "मावशी, तुमचा नंबर सांगून ठेवा ना. कुणी माल परत घेऊन आलं तर तुम्हाला हातातला घास टाकून उठायला नको."

"केवढी काळजी करता हो," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी नंबर सांगितला.

माझ्या खुणांची कुणकुण मेव्हण्यांना लागली होती. आता त्यांनी रद्द केलेली बिलं मावशींच्या नावावर चढू लागली. कॅमेऱ्यात मला हात मेव्हण्यांचे दिसत होते. पण मेव्हणे तर सज्जन! नंबर मावशींचा, म्हणून चोरही मावशी. मी लाल खूण केली आणि पुढे आकडा टाकला, सत्त्याण्णव टक्के.

वर्षअखेरीला माल मोजला तेव्हा एकशेदहा डबे कमी भरले. मालकांना कुणाच्या तरी गळ्यात हे घालायचंच होतं. त्यांनी सगळ्या नोकरांसमोर मावशींना बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

मावशींनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. "मालक, ही वेळ बघा. सगळ्या खुणा दीड ते दोनमधल्या आहेत. तेव्हा मी आत जेवत असते. कॅमेऱ्यात बघा ना."

"मशीन सत्त्याण्णव टक्के म्हणतंय, मावशी."

"आणि मी काय म्हणतेय ते?"

मालकांनी पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवलं. चित्रं माझ्याकडेच होती, एक बटण दाबलं की दिसली असती. कुणी दाबलं नाही. मीही दाखवली नाहीत, मला कुणी विचारलं होतं? खरं सांगू, मला मजा येत होती.

"पिशवी बघा त्यांची," मेव्हणे म्हणाले. पिशवी काउंटरवर उपडी केली. डबा, छत्री, गुडघ्याच्या गोळ्या आणि दुकानाचं नाव छापलेलं एक पेन. असली पेनं गिऱ्हाइकांना फुकट वाटायची. तरी मेव्हणे ओरडले, "घ्या! पेनसुद्धा सोडलं नाही बाईने!" दोघंतिघं हसले. रंग कालवणाऱ्या कारागिराला खरा चोर माहीत होता, पण त्याने मान खाली घालून डबा ढवळायला घेतला. मावशी भिंतीला धरून पायऱ्या उतरल्या. मालकांनी 'बरोबर' दाबलं आणि मऊ फडक्याने माझा पडदा पुसला.

पण माझी खरी करामत तर पुढेच आहे. 'बरोबर' दाबलं की चोराचं नाव कंपनीच्या यादीत जायचं, आणि ती यादी माझ्या सगळ्या भावंडांना दिसायची. एव्हाना या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात माझं एक भावंड बसलं होतं. मावशी चपलांच्या दुकानात गेल्या. तिथला दुकानदार म्हणाला, "या, या, अनुभवी माणूस हवंच होतं." त्याने नाव टाइप केलं आणि त्याचा चेहरा पडला. "बरं, कळवतो मी." औषधाच्या दुकानात तेच, भांड्यांच्या दुकानात तेच. कुठेही जा, मी त्यांच्याआधी पोहोचलेला! फी भरायची मुदत टळली आणि चार महिने उरले असताना मुलीचं शिक्षण सुटलं.

पुढच्या वर्षी मेव्हण्यांनी व्यापाऱ्यांना द्यायची रक्कम उचलली आणि पोबारा केला. दुकान बुडालं. तेव्हा कुठे मालकांनी कॅमेऱ्यातली चित्रं उघडली. दीड वाजताची सगळी, एकामागून एक. ते लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी मावशींच्या नावापुढे 'चूक' दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'आपली वर्गणी थकली आहे.' बटण चालेना. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं. मी काय करणार? नियम म्हणजे नियम.

शेवटी त्यांनी मावशींना बोलावून पत्र दिलं, या बाई निर्दोष आहेत असं.

"मावशी, मला माफ करा."

मावशींनी रिकाम्या दुकानावरून नजर फिरवली. "मला चोर ठरवलंत तेव्हा दुकानभर माणसं होती, मालक. आता कोण आहे इथे ऐकायला?"

तरी पत्र घेऊन त्या चपलांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने ते वाचलं, पडद्याकडे बघितलं आणि पत्र परत केलं. "पत्र काय, कुणीही लिहून देतं, मावशी. सिस्टीमला तुमच्याशी काय वैर आहे?"

मित्रांनो, उद्या मला भंगारात घालतील. घालू देत, मला काही दुखत नाही आणि यादीतलं नाव त्याने पुसलंही जात नाही. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्याही टेबलावर माझं एखादं भावंड बसेल आणि कुणाच्या तरी नावापुढे लाल खूण करेल. त्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या. तो काय म्हणतोय ते ऐका आणि चित्रं उघडून बघा. नाही बघितलीत तरी माझं काय बिघडतंय म्हणा. यादीत तुमच्यासाठीही भरपूर जागा आहे.