ताटावरचं ‘कै.’

मी एक स्टीलचं ताट बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. जेवेपर्यंत मांडीजवळ घ्यायचं आणि जेवण झालं की खरकट्यासकट ढकलून द्यायचं, ही माणसांची रीत. मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? कुणी "वा, काय आमटी झालीय" म्हणालं, की मी आधी बघतो, त्यानं वांग्याची फोड कुठं लपवली.

बारामतीच्या एका भांड्यांच्या दुकानात मी भावंडांबरोबर चवडीत पडून होतो. तिथं कळसचे आबाजी आले. त्यांची बायको साखरबाई वारून वर्ष होत आलं होतं. तिच्या नावानं गावच्या देवळाला ताटं द्यायची, सप्ताहाच्या पंगतीला होतील, असा त्यांचा बेत होता. दुकानदारानं नाव घालायचं मशीन काढलं. नाव काठावर घालतात हे शेंबडं पोरही सांगेल. या गृहस्थानं ते ऐन मधोमध घातलं, जिथं भात वाढतात तिथं: ‘कै. साखरबाई आबाजी यांचे स्मरणार्थ, कळस’. आडनावाला जागाच उरली नाही. आबाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि झकास झालं म्हणाले.

काही वर्षं सप्ताहाच्या पंगतीत बरी गेली. मग चांदीच्या कागदाच्या पत्रावळी आल्या आणि आमची रवानगी देवळामागच्या खोलीत गोणपाटाखाली झाली. लोक म्हणायचे, घासायची कटकट गेली. असं म्हणण्यात पुरुषच पुढं होते, ज्यांनी जन्मात ताट घासलं नव्हतं, म्हणून मला त्या बोलण्याचाही संशय यायचा. पत्रावळी जेवणानंतर कुठं जातात हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या गावाबाहेरच्या चारीत जात. चारी म्हणजे उसाला पाणी नेणारा लहान कालवा.

आबाजींच्या घरी पूर्वी मेंढरांचा कळप होता. आता ऊस आहे, आणि म्हाताऱ्याच्या हौसेपुरत्या चार मेंढ्या. त्यांच्या पणतूच्या जावळाचं जेवण झालं, पत्रावळी रिवाजाप्रमाणे चारीत गेल्या, आणि काही दिवसांनी त्या चारांतली एक मेंढी पोट फुगून मेली. पोटात पत्रावळींचा बोळा निघाला. आपल्याच घरच्या पंगतीनं आपलीच मेंढी मारली, हे आबाजींच्या फार जिव्हारी लागलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची नात योगिनी शेजारी उभी होती. माझ्या लग्नात एकही पत्रावळ चारीत जाणार नाही, असा शब्द तिनं आजोबांना दिला.

ही योगिनी बारामतीला शिकलेली. घरात ओला कचरा वेगळा ठेवणारी, बाजारात कापडी पिशवी काढणारी. आई म्हणायची, नव्याचे नऊ दिवस. मीही तेच म्हणत होतो. लग्न ठरल्यावर ती देवळामागच्या खोलीत आली, गोणपाट काढलं आणि पहिल्यांदा आमचा फोटो घेतला. म्हटलं, झालं! हल्ली फोटो निघाला की पर्यावरण वाचतं. पण दुसऱ्या दिवशी ती राख घेऊन आली आणि शंभरावर ताटं एकटीनं घासली. तरी मी म्हटलं, बघू. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताक फुंकूनच प्यावं.

घासताना माझ्यावरचं नाव तिनं वाचलं होतं. आजीचं नाव म्हणून तिला ते मायेचंच वाटलं. चूक झाली ती इथं.

साखरपुड्याला कन्हेरीहून पाहुणे आले. नवरामुलगा रणजित, लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला. त्याची आई लीलाबाई पंगतीत बसली आणि मी नेमका तिच्या वाट्याला आलो. बुंदी झाली, आमटी-भात झाला. शेवटचा भात बोटांनी पुसून घेताना तिच्या बोटाखाली ‘कै.’ आलं. लीलाबाईला वाचता येत होतं, तिथंच सगळं अडलं. तिनं भात आणखी बाजूला सारला आणि पूर्ण ओळ वाचली.

"शुभकार्यात मेलेल्या बाईच्या नावाचं जेवान घातलं व्हय आमाला?" ती एवढंच बोलली, आणि तेही हळू. पण पंगतीतल्या प्रत्येकानं आपापला भात बाजूला करून वाचायला सुरुवात केली. बायका उठल्या. पानात अन्न टाकून उठल्या. योगिनीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि योगिनी वाढायचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढं मध्यस्थांकडून निरोप आला. लग्नात ती ताटं दिसता कामा नयेत, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. घरात सगळे योगिनीला समजावू लागले. एका दिवसाच्या पत्रावळींनी जग बुडत नाही, म्हणाले. योगिनीला रणजित आवडला होता, हे मला ती आम्हाला घासताना फोनवर कशी हसायची त्यावरून माहीत होतं. आता तो फोन वाजत नव्हता. एका बाजूला आजोबांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला लग्न. मला वाटलं, ही वाकणार. माणसं वाकतातच. खरं सांगतो, त्या वेळी मला तिची कीव आली आणि स्वतःचा राग आला. माझ्याच पोटावरच्या एका अक्षरानं हे केलं होतं.

एका सकाळी रणजित मोटारसायकलवर आला. मागं खोक्यात कारखान्यातलं पॉलिशचं मशीन. मी ओळखलं, आता भंगार. पाणी कुठंतरी मुरत होतंच. तो योगिनीकडं न जाता थेट ओसरीवर आबाजींपाशी जाऊन बसला. मांडीवर मला घेतलं.

"आबा, नाव हाय तसं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "फकस्त म्होरचं ‘कै.’ आन मागचं ‘यांचे स्मरणार्थ’ घासून काढू का? मंग ती नुसती साखरबाईंची ताटं व्हत्यात. कुनाच्याबी घरात बाईच्या नावाची भांडी असत्यातच की."

आबाजींनी त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजी ती मेलीच न्हाय, असं म्हनायचं?"

"भांड्यापुरतं, आबा."

म्हाताऱ्यानं अक्षरांवरून पुन्हा अंगठा फिरवला. दारात योगिनी उभी होती. मग आबाजी म्हणाले, "काढ." आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, मशीन सुरू झालं तरी. दुखलं मला, खोटं कशाला बोलू. पण ‘साखरबाई’च्या एका कान्यालाही रणजितनं धक्का लावला नाही. नमुना म्हणून त्यानं मला कन्हेरीला आईकडं नेलं. लीलाबाईनं मला उजेडाकडं तिरपं धरलं, पालथं केलं, परत सुलटं केलं. तीही माझ्यासारखीच संशयी, म्हणून मला तिच्याबद्दल थोडा आदर वाटला. "बघू," ती म्हणाली. ना व्हय, ना न्हाय.

रणजितनं बाकीच्या ताटांवरचंही तेवढंच काढलं, आणि लग्न झालं. ताटं घासायला रणजितचे मित्र बसले, ही योगिनीची अट होती. आज चारीत तुम्हाला आमच्या पंगतीची पत्रावळ सापडणार नाही. बाकीच्यांच्या पुष्कळ आहेत. आम्ही पुन्हा देवळामागच्या खोलीत असतो, पण आता गोणपाट नाही, फळी आहे. तुमच्या घरी कार्य असेल तर आम्हाला घेऊन जा. मोजून न्या, मोजून आणा, माझा कुणावर भरवसा नाही. आणि घासायला घरातल्या पुरुषांना बसवा.

लग्नाच्या पंगतीतलं तेवढं सांगायचं राहिलं. मी पुन्हा लीलाबाईपुढं होतो. ती जेवत होती, पण सावकाश, मधला भात न सारता. तिच्या शेजारी तिची म्हातारी मावशी म्हाळसा बसली होती. ती साखरपुड्याला नव्हती आणि तिला ऐकूही कमी येत होतं. तिनं शेजारणीकडून ताटावरचं नाव वाचून घेतलं आणि पंगतीत फिरणाऱ्या आबाजींना मोठ्यानं विचारलं, "येवढी भांडी जिनं केली ती बाई कुठं हाय? मांडवात दिसली न्हाय."

लीलाबाईचा हात थांबला. सगळी पंगतच थांबली.

आबाजी वाकून म्हाळसाच्या कानाशी म्हणाले, "आत हाय. वाढतीया."

लीलाबाईनं मान खाली घातली. मग तिनं मला पुढं सरकवलं आणि म्हणाली, "मंग मलाबी भात सांगा तिला."

आत आचारी होते, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या बोलण्यावर शंका घेतली नाही.