पहिल्या पावलाचा पाहुणा

चाळीस दिवसांच्या उपासात सावका दूध-तुपाला शिवली नव्हती, आणि उपासात कुणाला टाकून बोलायचं नाही हा तिचा स्वतःचा नेमही तिने पाळला होता. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिचा मुलगा रायको चुलीपुढे बूट सुकवत म्हणाला, "आई, उद्या हिल्मियाकाका नको," तेव्हा तो नेम अगदी मोडता मोडता राहिला.

"मग पहिलं पाऊल कुणाचं?"

"आपल्यातल्या कुणाचंही. आता आपला वेगळा देश होतोय. त्याच्या पहिल्या नाताळाला घरात तुर्काचं पाऊल?"

"तुर्क! ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रेला जायचास, तोच ना?"

रायकोने बूट पालथे केले. नाताळच्या पहाटे ज्याचं पाऊल घरात आधी पडेल, त्याच्या पायगुणावर सबंध वर्ष जातं, हे त्यालाही ठाऊक होतं. हिल्मिया ओढ्यापलीकडचा, मुसलमान. आपला नमाज उरकून तो पूल ओलांडून यायचा आणि चुलीतला ओकचा ओंडका ढोसून घराला आशीर्वाद द्यायचा. एका वर्षी तो दवाखान्यात होता म्हणून सावकाचा भाऊ आला. त्या वर्षी गारपीट झाली आणि दोन्ही वासरं गेली. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचं नाव निघालं नाही.

पण यंदाची हवाच वेगळी होती. वरच्या अंगाचे दोन प्रांत आपापले झेंडे लावून मोकळे झाले होते. रायको तिकडे लढायला गेला आणि बंदूक नि खोकला घेऊन परतला. आता शहरात माणसं नकाशावर रेघा ओढत होती, आणि एक रेघ म्हणे ह्या ओढ्यावरूनच जात होती. पुलावर वाळूची पोती आली होती, पोत्यांमागे बंदूकवाली पोरं.

"उद्या आमच्या तुकडीचा कप्तान ओब्राद येणार आहे आपल्याकडे जेवायला," रायको म्हणाला.

"येऊ दे की. देवाच्या जन्मदिवशी दारी आलेल्या पाहुण्याला कुणी हात लावत नाही. त्याला बघू दे आपली रीत."

रीत म्हणजे तटबंदी, असं तिला वाटत होतं. तिथेच ती चुकली.

पहाटे हिल्मिया आला. टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाला, "सावकावहिनी, पुलावरची पोरं पासपोर्ट मागत होती. म्हटलं, वहिनीच्या भाकरीला अजून पासपोर्ट लागत नाही!"

सावकाने त्याच्या अंगावर गहू उधळले. त्याने ओंडका ढोसला. "जितक्या ठिणग्या तितकी वासरं, तितकी कोकरं, तितकं सुख!" ओंडका ओला होता, ठिणग्यांपेक्षा धूरच जास्त झाला. वर्षभर दुधावर अशीच जाड साय यावी म्हणून तिने त्याच्या खांद्यांवर लोकरीची घोंगडी घातली आणि त्याला तिपाईवर बसवलं.

तेवढ्यात कप्तान आला. युद्धाआधी तो शहरात मोटार चालवायला शिकवायचा. आवाज अजून तसाच, घाबरलेल्या शिकाऊला सांगावं तसा मऊ. देवाच्या तसबिरीपुढे त्याने टोपी काढली, सगळ्यांना कवेत घेतलं, हिल्मियालाही.

"बसा, बसा. पाहुण्याला उठवू नका. मावशी, तुमचं चालू द्या."

आता घरधनिणीची पाळी होती. पाहुण्याच्या घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, आयुष्य मागायचं आणि प्रत्येकाचं एक सफरचंद त्याच्या ओंजळीत ठेवायचं. सावका तल्लीन होऊन म्हणू लागली, "घरधनीण जुलाला आयुष्य. थोरल्या मुनिबला, जर्मनीहून आलाय, त्याला बरकत. धाकट्या एसादला, पलटण सोडून सुखरूप घरी आला, देवा, त्याला सांभाळ. सुनेला, तिच्या पोटातल्या बाळाला…"

कप्तान प्रत्येक नावाला मान डोलवत होता. मग सावकाला दिसलं, की त्याचे ओठही हलताहेत. तो नावं पाठ करत होता.

"धाकटा पलटण सोडून आला होय?" तो म्हणाला. "छान. अशा दिवसांत घरी माणसं हवीत. आणि घरात बंदूक आहे ना एक?"

"शिकारीची आहे, साहेब," हिल्मिया म्हणाला.

"शिकारीचीच असणार. इथे सगळे शिकारीच."

रायको सणासाठी जमिनीवर पसरलेल्या पेंढ्याकडे बघत राहिला. सावकाने हातातलं सफरचंद खाली ठेवलं. आपल्याच तोंडाने, आशीर्वाद म्हणून, आपण हे काय करून बसलो?

ह्या पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. सोडलं तर वर्षाचं सुख त्याच्यामागे चालतं होतं. ती उठली.

"हिल्मिया, ऊठ."

'भाऊ' म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या घरी आता आमच्यातला माणूस आलाय. तुझं काम झालं."

"आई!" रायको ओरडला. कप्तान मात्र खूश होऊन हसला.

हिल्मियाचं तोंड काळवंडलं. सफरचंदं तिपाईवर ठेवून तो दाराकडे गेला. सावकाने मागून जाऊन त्याच्या अंगावरची घोंगडी ओढली आणि त्या झटापटीत त्याच्या कानाशी पुटपुटली, "आजच. सगळ्यांना घेऊन. जंगलाच्या वाटेने." मग मोठ्याने म्हणाली, "पुन्हा ह्या दारात येऊ नकोस!"

"नाही येणार, वहिनी."

त्याने ऐकलं की नुसताच दुखावला, ते तिला आवाजावरून कळेना. दिवसभर तिचा हात कामात होता नि कान ओढ्यापलीकडे.

दिवस कलताना तिकडून गाय हंबरू लागली. हंबरतच राहिली. जुला गाईला कधी ताटकळत ठेवायची नाही. म्हणजे गेले! सावकाने छातीवर क्रूस काढला.

"आई," रायको खिडकीशी होता, "मला ऐकू येतंय, तर पुलावरच्यांनाही येत असेल."

त्याने आईकडे बघितलं. तिनेही त्याच्याकडे. मग त्याने खुंटीवरची चरवी काढून तिच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

पुलावरच्या पोराने हटकलं. "कुठे, काकू?"

"उपास सुटला आणि घरात दुधाचा थेंब नाही. हिल्मियाच्या गोठ्यातून नेते."

गोठ्यात अंधार होता. ती गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसली. पहिल्या धारेला गाय शांत झाली. तेवढा वेळ जंगलाच्या वाटेवरच्यांना मिळेल, म्हणून ती सावकाश, अगदी सावकाश दूध काढू लागली.

"मावशी," दारातून तोच मऊ आवाज आला. "घरात दिवा नाही दिसत. गेले वाटतं कुठे?"

सावका आजच्या दिवसापर्यंत सणावारी खोटं बोलली नव्हती.

"झोपलेत," ती म्हणाली, आणि दूध काढत राहिली.