माशांचा कौल

बद्रियाचं पत्र आलं तेव्हा झाडावरचे खजूर हिरवे होते. आता ते उतरवून, वाळवून डब्यांत भरून झाले, तरी खल्फानने तिला उत्तर लिहिलं नव्हतं. बद्रिया ही त्याची भाची, मस्कतच्या इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घेणारी. तिने विचारलं होतं एवढंच, ‘मामा, आईच्या पायाची जखम भरत नाही. ती इकडे यायला तयार नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. सांगाल का?’

उत्तर सोपं होतं. पण खल्फान सूर गावच्या शाळेत जन्मभर ग्रंथपाल होता, आणि पुस्तक बुडवणाऱ्या पोरालाही ‘सावकाश आण हं’ म्हणत आला होता. आपलं कोण ऐकणार? आणि आपलंच चुकत असेल तर? कागद पुढ्यात घ्यायचा आणि पुन्हा घडी करून ठेवायचा, असं चाललं होतं.

आणि आता तो त्याच बहिणीबरोबर, रय्याबरोबर, डोहावर आला होता. वाळवंटाच्या कडेला डोंगराच्या घळीत हे पाणी बारमाही साचतं. भाच्याने, हिलालने, पिकअपमध्ये तंबू, चटया, कॉफीची किटली, भाताचं पातेलं आणि एक बकरी भरली होती. बकरी मुअल्लिम मर्हूनसाठी होती, डोहातल्या माशांकरवी दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या गुरूसाठी.

वरच्या डोहात पोरं उड्या मारत होती. खालच्या डोहाभोवती मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या खडकावर मुअल्लिम बसला होता. समोर ऊद जळत होता आणि मांडीशी मातीचं एक वाडगं होतं.

“या, या! अंगात साखर झालीय? मासा खाईल. सांधे धरलेत? मासा खाईल. सवतीची नजर लागलीय? तीही मासा खाईल! फक्त मन साफ हवं. माशाला डोळे दोनच, पण तो बघतो आतलं!”

“मुअल्लिम, माझी सासू खाईल का हो?” मागून एक बाई ओरडली.

“तिला आण. माशांना विचारून सांगतो!”

हशा पिकला. मग मुअल्लिमने एका म्हाताऱ्याच्या पायांना वाडग्यातली ओली माती चोळली. म्हाताऱ्याने पाय पाण्यात सोडले आणि बोटभर लांबीचे राखाडी मासे चहूकडून धावून आले. पाय दिसेनासे झाले. बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या.

मागच्या खेपेला खल्फाननेही पाय बुडवले होते. मुअल्लिमने त्याच्याकडे नुसतं बघून म्हटलं होतं, “चष्मेवाल्यांच्या मनात शंका आहे. माती वाया घालवू नका. तसेच बुडवा.” शेजारी रय्याचे पाय माशांनी झाकून गेले. खल्फानच्या पायांकडे एकही फिरकला नाही. तेव्हापासून हिलाल त्याला काठावर बसूच देत नव्हता.

“मामा, तुम्ही बकरी धरा. तुमच्यापायी आईचा गुण जायला नको.”

खल्फानने बकरी धरली. वाईट याचं वाटत होतं, की त्याला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं. आपलं मन खरंच साफ नसेल. इतकी वर्षं पुस्तकांत डोकं खुपसून बसलेल्या माणसाचं काय सांगावं!

रय्या पुढे सरकली. मुअल्लिमने वाडगं बाजूला खडकावर ठेवलं आणि हात वर केले. “आज हिची शेवटची बुडी! दुखणं राहिलंय का बाई?”

“नाही मुअल्लिम. पूर्वी रात्र रात्र जळायचा पाय. आता काही म्हणजे काही वाटत नाही.”

“मग सुईचं औषध टाक पाण्यात! सुई आणि मासा एका घरात नांदत नाहीत.”

रय्याने पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढली. खल्फान ‘थांब’ म्हणायला पुढे सरकला, पण गर्दीकडे बघून पुन्हा मागे झाला.

तेवढ्यात बकरीने हिसका दिला. दोर हातातून निसटला आणि ती थेट वाडग्याशी गेली. खल्फानने मुठीतला लसूणघास तिच्यापुढे धरला, पण तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती मचमच आवाज करत माती चाटत राहिली. लोक खो खो हसले.

“बघा!” मुअल्लिम डगमगला नाही. “मुक्या जनावरालाही शिफा कळते, गुण कशात आहे ते कळतं!”

खल्फान हसला नाही. ही बकरी त्याच्याच अंगणात वाढली होती, किनाऱ्यावरच्या सगळ्या बकऱ्यांसारखी सुक्या तारली मासळीवर. तिने आजवर चिखल कधी चाटला नव्हता. त्याने बोटभर माती उचलून नाकाशी धरली. गुलाबपाणी, ऊद, आणि त्याखाली आपल्या घरचाच वास. कुणाच्या लक्षात येणार? सकाळी जेवणाची पिशवी भरताना रय्याच्या हातांनाही हाच सुक्या मासळीचा वास होता. सगळे जन्मल्यापासून याच वासात वाढले होते.

तो तंबूकडे गेला आणि जेवणाच्या पिशवीतून मूठभर सुक्या तारल्या काढून त्याने दगडावर कुटल्या. त्यात काठाचा चिखल कालवला. तो लगदा पायांना चोपडून तो बहिणीशेजारी येऊन बसला आणि त्याने पाय पाण्यात सोडले.

मासे आले, अगदी झुंडीने.

“अगं बाई, चष्मेवाल्याकडे गेले की!”

“माझ्या आशीर्वादाने त्याचं मन साफ झालं!” मुअल्लिम ओरडला.

“नाही झालं हो,” खल्फान पुटपुटला. “शंका तशीच आहे. उलट वाढलीय.” मग त्याने घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढ्या लोकांपुढे बोलत होता. “ही तारली आहे, आपल्याच पिशवीतली. त्यांच्या वाडग्यातही तीच आहे. आता बघा, चपलेचं मन कसं साफ होतं ते.”

त्याने शेजारी पडलेली रय्याची चप्पल उचलली. लगदा फासायला आत बोटं घातली आणि तो तसाच थांबला. चपलेत खजुराची बी रुतलेली होती. तिच्याभोवती रक्त सुकून काळं झालं होतं.

“रय्या, ही बी कधीपासून आहे?”

“कुठली बी?”

त्याने चप्पल तिच्यापुढे धरली. ती बघत राहिली. सकाळपासून ती त्याच चपलांत वावरली होती. तंबू लावला, पाणी आणलं, भात शिजवला.

“तुझं दुखणं गेलेलं नाही,” खल्फान म्हणाला. “साखरेने पायाच्या नसा मारल्या. दुखतंय हे सांगणारं जे होतं, ते गेलं. मासे वरची मेलेली कातडी खातात, म्हणून जखम स्वच्छ दिसते. आत ती चरतेच आहे. आणि इतक्या जणांच्या पायांचं हे पाणी तीत जातंय.”

रय्याने बाटली मुठीत घट्ट धरली. “दादा, मग इतके दिवस का नाही बोललास?”

खल्फानने चपलेतली बी उपटून खडकावर ठेवली.

हिलालने वाडगं उचललं, हुंगलं आणि मुअल्लिमच्या पायांशी पालथं केलं. “माझ्या आईचा पाय गेला असता ना रे!” त्याचा आवाज फाटला होता. मग त्याने आईला उचलून गाडीत बसवलं आणि बकरीही परत चढवली. गाडी वळताना खल्फानने मागे पाहिलं. बरेच लोक उठले होते. पण दोन बायका मुअल्लिमसमोर अजून पाय पुढे करून बसल्या होत्या, आणि तो नवी माती कालवत होता.

वाटेत पेट्रोलसाठी गाडी थांबली. शेजारच्या दुकानातून खल्फानने पाकीट घेतलं आणि मांडीवर कागद ठेवून लिहिलं:

‘बद्रिया, आईला घेऊन निघालोय. पाय वाचेल की नाही, मला ठाऊक नाही, डॉक्टरांना विचारू. हे पत्र तुझ्या हाती पडेल त्याआधी आम्हीच पोहोचलेलो असू. तरी लिहितो, कारण तू विचारलं होतंस. शिफा देवाची, हे मीही मानतो. पण तारली बाजारातली होती, आणि ती कुणीही हुंगून पाहू शकला असता. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर आधी वाडग्यात काय आहे ते विचारायचं. मन साफ नाही म्हणून कुणी हिणवलं, तरी विचारायचं. मी लाजलो, त्याची किंमत तुझ्या आईच्या पायाने मोजली. तुझा मामा.’

“मामा, चला!” हिलालने हॉर्न वाजवला. “मस्कतलाच तर चाललोय, तोंडाने सांगा की!”

“आलोच,” खल्फान म्हणाला आणि रस्ता ओलांडून त्याने पत्र पेटीत टाकलं.