कापसातलं अस्वल

टक्.

स्टॅबिलायझरचा एवढासा आवाज झाला आणि तांदूळ निवडत बसलेल्या कुंदानं सूप खाली ठेवलं. सकाळी नऊला वीज गेली होती. तेव्हापासून पंखा नाही, टीव्ही नाही, घर कसं चिडीचूप होतं. वीज येऊ नये म्हणून मनापासून देवाला विनवणारी त्या रविवारी अख्ख्या जळगावात ती एकटीच असावी.

“माय व, लाईट ऊनी!” बाहेरच्या खोलीतून शेवंताबाई ओरडल्या.

शेवंताबाई कुंदाची आई. पंधरा दिवसांसाठी धरणगावाहून आल्या होत्या. सकाळपासून सणाचं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या होत्या, कारण आज त्यांची गोष्ट टीव्हीवर लागणार होती. शेजारच्या धुरपदाबाईंना त्यांनी स्वतः आमंत्रण दिलं होतं. वर, “लवकर या, मंग जागा भेटत नही,” असंही सांगून ठेवलं होतं.

त्या गोष्टीची गोष्ट अशी. कुंदाचे वडील जीवराम धरणगाव स्टेशनात कापसाच्या गाठी मालगाडीच्या डब्यांत भरायचे. एकदा रिकाम्या आलेल्या डब्यात त्यांना चित्रांचं पुस्तक सापडलं. अक्षरं ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. शाळेच्या मास्तरांनी पाहिलं, स्टेशनमास्तरांनी पाहिलं, आणि दोघांनीही ते मोठ्या आदरानं परत केलं. त्या पुस्तकापुढे सगळं धरणगाव सारखंच अडाणी ठरलं. शाळेची पायरी न चढलेल्या शेवंताबाईंना जन्मात पहिल्यांदा बरोबरीची संधी मिळाली. त्यांनी मांडीवर पोरगी घेतली, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

चित्रांत सगळीकडे पांढरं होतं. छपरावर पांढरं, झाडांवर पांढरं, वाटेवर गुडघाभर पांढरं. जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडत हात झिजवलेल्या बाईला ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. पीक एवढं आलं होतं की ठेवायला जागा उरली नव्हती. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी अंगणात वाटी ठेवते, ते सीतादही. पहिल्या वेचणीला शेतात दही-भात ठेवतात तसं. त्या वासानं अस्वल येतं, वेचणीला लागतं आणि दमलं की कापसाच्या ढिगात शिरून झोपतं, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवून. शेवटच्या चित्रात पांढरं काहीच नाही, सगळं हिरवं, आणि अस्वल झोपडीच्या दारात एकटं. ते पान आलं की शेवंताबाई सांगायच्या, “म्हातारी सुरतले गयी, कापूस इकाले.” मग पुस्तक मिटायचं.

आपली आई वाचते असं कुंदा नऊ वर्षांची होईपर्यंत धरून चालली होती. मग एक दिवस रेशनच्या दुकानात सहीची वेळ आली आणि आईनं अंगठा पुढे केला. कुंदानं काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं अस्वलाची गोष्ट नेहमीसारखी ऐकली, जिथे हसायचं तिथे हसली. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

आता मांडीवर कुंदाची मुलगी मुक्ता होती. ती दुसरीत होती, दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायची. ‘माझ्या आजीला इंग्रजीच्या पुढची भाषा येते,’ असं तिनं वर्गात सांगितलं, तेव्हा बाईंनी आजींना नमस्कार कळवला. शेवंताबाईंनी तो स्वीकारला. आणि गेल्या गुरुवारी टीव्हीवर परदेशी कार्टून सिनेमाची जाहिरात आली: रुमालवाली म्हातारी, वाटी, अस्वल. मुक्ता किंचाळली, “आजीचं अस्वल!” तेव्हापासून कुंदाला धड झोप नव्हती. उभ्या जन्मात आईला लोकांनी एवढी एकच गोष्ट येते म्हणून मान दिला होता, आणि सिनेमा सगळ्यांना कळणाऱ्या हिंदीत होता.

धुरपदाबाई येऊन बसल्या आणि सिनेमा लागला. पहिल्याच मिनिटाला म्हातारी दार उघडून म्हणाली की बाप रे, कितनी बर्फ गिरी है.

 धुरपदाबाईंनी मान वळवून शेवंताबाईंकडे पाहिलं.

“अक्का,” धुरपदाबाई म्हणाल्या, “तुम्ही तर कापूस म्हणाला होतात.”

“कापूसच शे,” शेवंताबाई म्हणाल्या. “कापूस भिजना का असाच दिसस. त्या हिंदीवालास्ले काय समजस!”

“मग म्हातारी काकडतेय का?”

“मलेरिया,” शेवंताबाई म्हणाल्या.

कुंदानं चहा ठेवला. कुणी मागितला नव्हता, तरी दोनदा ठेवला. आतून तिला सगळं ऐकू येत होतं. म्हातारीनं उपाशी अस्वलाला दूध पाजलं. अस्वल बर्फाखाली थंडीभर झोपलं. बर्फ वितळला, अस्वल उठलं, झोपडीच्या दाराशी गेलं आणि उभं राहिलं. चूल थंड होती. हिंदीतल्या एका गंभीर माणसानं दोन वाक्यांत सांगितलं की म्हातारी आता या जगात नाही. सुरतेचं नाव कुणी काढलं नाही.

कपात चहा गाळता गाळता कुंदाच्या लक्षात आलं की आपण रडतोय. एकोणतीस वर्षांची बाई, चांगली दहावी झालेली, आणि ती म्हातारी सुरतेहून परत येईल याची अजून वाट पाहत होती.

चहा पिऊन धुरपदाबाई उठल्या. “तुमचीच गोष्ट चांगली होती हो अक्का,” जाता जाता म्हणाल्या. “ह्यात उगाच मारलं बिचारीला.”

“शेवट बठ्ठा बिघाडी टाका,” शेवंताबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. ते डोळ्यात काही गेलं म्हणून, असंही सांगितलं.

मुक्ता मात्र पुस्तक घेऊन आली आणि आजीला खेटून बसली. “आजी, ह्यात कापूस कुठे लिहिलंय?”

आत कपबश्या विसळणाऱ्या कुंदानं नळ बंद केला.

शेवंताबाईंनी क्षणभरही न घुटमळता एका शब्दावर बोट ठेवलं. “हाऊ देख.”

मुक्तानं पान उलटलं. “आणि ह्या पानावर?”

शेवंताबाईंनी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

मुक्तानं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, पुन्हा मागचं पाहिलं. “आजी, हे दोन्ही सारखे नाहीत. हा लांब आहे, हा छोटा आहे.”

“तो देशी शे,” शेवंताबाई म्हणाल्या. “हाऊ संकरित.”

मुक्तानं आजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “हां. बरोबर.” पुस्तक तिनं नीट मिटलं, फडताळात जागेवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात आली. दार तिनं हळूच लोटून घेतलं. ओट्याला टेकून उभ्या असलेल्या आईचा पदर धरून तिनं तिला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, “आई, तुला पण माहिती आहे ना?”

कुंदानं होकाराची मान हलवली.

“कधीपासून?”

“मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी होते, तेव्हापासून.”

“आणि तू बोललीच नाहीस?”

“नाही.”

 बाहेर शेवंताबाई पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या.

“आई,” मुक्ता म्हणाली, “मग तुला माहिती आहे, हे आजीला माहिती आहे का?”