मापाचं ब्लाऊज

कवडू शिंप्याने शिवलेलं नवं ब्लाऊज प्रमोदिनीबाईंच्या कोपरावरून वर गेलं आणि दंडावर अडकलं. त्यांनी हात सैल सोडला, पुन्हा ओढून पाहिलं. बाही पुढे सरकेना.

पलंगावर बसलेली रुख्मिणी बघत होती. ती शेजारच्या फ्लॅटमधली. तिच्या नवऱ्याची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत होती, आणि दिवाळीनंतर त्यांच्या करिष्माचं लग्न होतं. ब्लाऊज त्या लग्नासाठीच शिवलं होतं.

“पाहा बाई,” रुख्मिणी म्हणाली, “मी सांगून राहिली होती का नाही? नका जाऊ त्या जिममधी. आता दंड पाहा तुमचा. पैलवानासारखा होऊन राहिला.”

“कवडूने बाही लहान शिवली असेल.”

“कवडू काहून लहान शिवन? मापाचं ब्लाऊज तुम्हीच देल्लं ना त्याले?”

करिष्मा दाराशी उभी होती. ती फिसकन हसली.

“काहून हसून राहिली वं?” रुख्मिणीने विचारलं.

“काही नाही. हार घालताना मामा मला उचलणार आहे ना. त्याच्यानं नाही झालं तर काकू, तुम्ही उचलजा.”

प्रमोदिनीबाईही हसल्या. पण दोघी गेल्यावर त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आधी उजवा दंड पाहिला, मग डावा. आरशात आपल्याला नेमकं काय दिसतंय हे त्यांना ठरवता येईना. रुख्मिणी म्हणाली म्हणून जाड दिसतोय, की खरंच जाड आहे?

त्या जिममध्ये जायला लागल्या त्याचं कारण अगदी साधं होतं. उन्हाळ्यात एका सकाळी स्वयंपाकघरातला खालचा कप्पा पुसायला त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. पडल्या नव्हत्या, कुठे लागलं नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. गुडघे दुमडून जोर लावला तर मांड्या थरथरायच्या, हात टेकला तर तो कोपरात वाकायचा. शेवटी दुपारी भांडेवाली आली, तिच्याकडे किल्ली होती, तिने काखेत हात घालून उठवलं. तोवर बाई ओट्याला पाठ टेकून बसून होत्या. शेजारी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, पण हाक मारायला त्यांना लाज वाटली.

बंगळुरूला असलेल्या केयूरला, आपल्या मुलाला, त्यांनी हे गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही.

“आई, उद्या खरोखर पडलीस तर?” तो म्हणाला. “तू इकडे ये. फ्लॅट भाड्याने देऊ.”

मनीषनगरचा हा फ्लॅट त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने, मुकुंदरावांनी, निवृत्तीच्या तोंडावर घेतला होता. मुकुंदराव जाऊन आता चार वर्षं होत होती. बंगळुरूला केयूरकडे त्या दोनदा राहून आल्या होत्या. तिथे सगळे प्रेमाने वागत, आणि सकाळी सगळे निघून गेले की त्या बाल्कनीत बसून राहत. तिथलं एकटेपण दुसऱ्याच्या घरातलं होतं. इथलं निदान स्वतःचं होतं, आणि त्यात कोणता डबा कुठे आहे हे त्यांना माहीत होतं.

शेवटी केयूरने एक मुदत दिली. करिष्माच्या लग्नापर्यंत थांबायचं. तोवर बाईंना जमिनीवरून एकटीने उठता आलं तर विषय बंद. नाही तर घर दुसऱ्याला दाखवायचं.

गल्लीच्या टोकाला, औषधाच्या दुकानावर एक जिम होती. सकाळच्या वेळी बायकांना सोनिका नावाची मुलगी शिकवायची. पहिल्याच दिवशी तिने बाईंना एका लाकडी बाकावर बसायला आणि उठायला लावलं. मग हातात लहानसं वजन दिलं.

“उठायचं आहे पायांनी,” बाई म्हणाल्या. “हातांना कशाला?”

“जमिनीवरून उठताना हात टेकता ना? मग त्या हातात जोर नको?”

हे पटण्यासारखं होतं. त्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कारण सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं. म्हणून त्यांनी दुसरा प्रश्नही विचारून टाकला, जो तिथल्या सगळ्याच बायकांच्या मनात असावा. वजनं उचलून हात पुरुषासारखे तर होणार नाहीत?

सोनिकाला हा प्रश्न नवा नव्हता. “नाही होत, काकू. पुरुषांच्या शरीरात जे स्नायू फुगवतं, ते आपल्यात फार थोडं असतं. आधी जोर वाढतो. आकार वाढला तरी हळूहळू, आणि थोडाच. फोटोत दिसतात ना तशा बायका, त्या वर्षानुवर्षं तेवढंच करतात, खाणंसुद्धा त्याच हिशेबाने. चुकून कुणी तसं होत नाही.”

बाईंनी ते मानलं. वरण, दही, फुटाणे जरा जास्त खायला लागल्या. पावसाळा संपेपर्यंत त्या एका पाटावर बसून, हात टेकून, उठायला लागल्या. पाट काढला की अजून जमत नव्हतं, पण जमेल असं दिसत होतं.

आणि आता ही बाही.

दुसऱ्या दिवशी त्या जिमला गेल्या नाहीत. पाय दुखतोय असं त्यांनी सोनिकाला कळवलं. त्यानंतर नवरात्र आलं. नंतर काही कळवायचीही गरज उरली नाही.

खरं तर त्यांचे दंड बघायला होतं कोण? घरात त्या सैल बाह्यांचे पंजाबी ड्रेस घालायच्या. मुकुंदराव गेल्यापासून साड्या कपाटातच होत्या. हळदीकुंकवाला आता कुणी बोलवत नसे. बोलावणं येतच नाही म्हटल्यावर वाईट वाटण्याचीही सवय मोडली होती. पण करिष्माच्या लग्नाला त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. कुहीला, रुख्मिणीच्या सासरच्या गावी, सगळ्या गोतावळ्यात त्या साडी नेसून जाणार होत्या. तिथे कुणी कुणाच्या कानात ‘त्या पाहा पैलवानीण बाई’ म्हणावं, हे त्यांना नको होतं. बासष्टाव्या वर्षी आपल्याला असं काही वाटतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही वाटली. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, आणि सांगायला कुणी नव्हतंही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या दारापुढे रांगोळी काढायला बसल्या. चार ठिपक्यांची लहानशी रांगोळी. ती झाली, आणि उठायची वेळ आली तेव्हा हात पुन्हा कोपरात वाकला. दाराची चौकट धरून, तिसऱ्या प्रयत्नाला त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या फ्लॅटमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. आत येऊन त्या खुर्चीत बसल्या.

संध्याकाळी केयूरचा फोन आला. फराळ पोचला, तिकडे पाऊस आहे, असं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “आई, उठणं कसं चाललंय?”

“ठीक आहे.”

“ठीक म्हणजे?”

त्यांनी फराळाचा विषय पुन्हा काढला. तेवढ्याने त्याला कळलं. “बघ, एक नवराबायको आहेत, माझ्या मित्राच्या ओळखीचे. लग्न आटोपलं की त्यांना घर दाखवतो. बघायला काय हरकत आहे?”

“बघू देत,” बाई म्हणाल्या.

लग्न जवळ आलं होतं आणि ब्लाऊज अजून तसंच पडलं होतं. आतल्या शिलाईत कापड सोडलेलं असतं. ती उसवली की बाही थोडी मोठी होते, हे बाईंना माहीत होतं. म्हणून एका दुपारी त्या नवं ब्लाऊज आणि मापाचं ब्लाऊज शेजारी ठेवून, सुई घेऊन खिडकीत बसल्या. उसवण्याआधी त्यांनी एका बाहीवर दुसरी ठेवून पाहिली. तंतोतंत होती. कवडूचा काही दोष नव्हता.

मग मापाच्या ब्लाऊजकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. राखाडी सुती कापड, बारीक निळी रेघ. कवडूकडे देताना कपाटातलं सगळ्यात अलीकडचं म्हणून त्यांनी ते उचललं होतं. अलीकडचं, म्हणजे केव्हाचं?

ते मुकुंदरावांच्या आजारातलं होतं. त्या वर्षी धंतोलीच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा चालू होत्या. जेवण म्हणजे दवाखान्याच्या कँटीनमधले पोहे, तेही उभ्याने. सगळी ब्लाऊजं अंगावरून ओघळायला लागली, तेव्हा घालायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी हे एक शिवून घेतलं होतं. त्यानंतर शिवायचं कारणच पडलं नाही.

बाई उठल्या. कपाटाच्या तळाशी केयूरच्या मुंजीतलं, शाळेच्या संमेलनातलं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं, अशी ब्लाऊजं घडी करून ठेवली होती. त्यांनी एकेक घालून पाहिलं. मुंजीतलं सोडून सगळी बसली. बाही दंडावर व्यवस्थित, ना सैल ना घट्ट.

मुलांना मोजमाप शिकवताना त्या नेहमी म्हणायच्या, आधी पट्टी तपासा, मग वस्तू. कुणाची पट्टी टोकाला झिजलेली असायची, मग त्या बाकावरच्या सगळ्यांची उत्तरं एकसारखी चुकायची. आज त्यांची स्वतःची पट्टी चुकली होती. आयुष्यात जेव्हा त्या सगळ्यात खंगल्या होत्या, त्या वर्षाचा दंड त्यांनी आपलं माप म्हणून शिंप्याला दिला होता. दंड जाड झाला नव्हता. गेलेलं थोडं परत आलं होतं, इतकंच.

हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. केयूरला काय सांगणार? त्या वर्षी तो सुट्टीला आला की वडिलांकडेच बघत बसे, आणि ते बरोबरच होतं. त्या वाळल्या होत्या हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकाच माणसाच्या आलं होतं. पलंगावर पडल्या पडल्या मुकुंदरावांनी एकदा त्यांच्या दंडाभोवती बोटं गुंडाळली होती. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं. “किती वाळलीस गं,” ते म्हणाले होते, आणि नर्स आली म्हणून हात सोडला होता.

बाईंनी आपलाच हात दुसऱ्या हाताने धरून पाहिला. बोटं टेकली नाहीत. खिडकीतलं ऊन जाईपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या.

रुख्मिणीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलंच. दोन्ही ब्लाऊजं दाखवली, जुनं घालूनही दाखवलं.

रुख्मिणीने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, “तुम्ही म्हणता तर असन, बाई. पण मले तर मोठेच दिसून राहिले.” आणि ती पत्रिका वाटायला निघून गेली.

प्रमोदिनीबाई सोमवारपासून पुन्हा जिमला जाऊ लागल्या. सोनिकाने पाय कसा आहे एवढंच विचारलं आणि आधीपेक्षा हलकं वजन हातात दिलं. कुहीच्या लग्नात त्या पंचविसाव्या वाढदिवसाचं ब्लाऊज घालून, मोतिया साडी नेसून गेल्या. कुणी काही म्हणालं नाही. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. नवरीकडे होतं, आणि लग्नात तसंच असतं. एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी अक्षता टाकल्या, जेवल्या, आणि कुणाच्या तरी गाडीतून अंधार पडायच्या आत घरी आल्या. सोनिकाकडे जाणं मात्र एक दिवसही चुकवलं नाही. पाट आता भिंतीला उभा करून ठेवला होता.

घर बघायला ते जोडपं आलं तेव्हा बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मुद्दाम बसल्या नव्हत्या असंही नाही. बेल वाजली. त्यांनी मेथी बाजूला सारली, एक पाय दुमडला, तळहात फरशीवर टेकला आणि जोर दिला. हात वाकला नाही. मांडी थरथरली, पण धरून राहिली. त्या उभ्या राहिल्या, आणि धाप ओसरेपर्यंत ओट्याशी थांबल्या.

दार उघडलं. दोघं तरुण होती, चप्पल काढून अदबीने आत आली. मुलगी स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, “किती छान ऊन येतं इथे.”

“येतं,” बाई म्हणाल्या. “पण घर द्यायचं नाहीये. मुलाला आज सांगते. तुम्हाला उगाच खेप पडली.”

त्या तरुणाने बायकोकडे पाहिलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं, तरी तिने समजुतीने मान हलवली. “काकू, इथे तुम्ही एकट्याच असता?”

“हो,” बाई म्हणाल्या. “बसा, पाणी आणते.”

पण त्या दोघांना आणखी दोन घरं पाहायची होती. ती गेली. बाईंनी दार लावलं, आत आल्या, आणि राहिलेली मेथी निवडायला पुन्हा खाली बसल्या.